वहिनींनी वहिनींना कामावर ठेवलं

वहिनींनी स्वतःलाच कामावर ठेवलं, तेव्हा त्यात काही वावगं आहे असं कोणालाही वाटलं नाही. कचेरीतल्या कारकुनानं करारावर नजर टाकली. मालकाच्या जागी एक सही, शिकाऊ उमेदवाराच्या जागी दुसरी. दोन्ही नावं सारखी पाहून त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"उमेदवार नात्यातली दिसतेय?"

"अगदी जवळच्या नात्यातली," वहिनी म्हणाल्या.

"मग लाड करू नका. नात्यातली माणसं कामाला हात लावत नाहीत," असा फुकटचा सल्ला देऊन त्यानं शिक्का हाणला आणि पुढच्याला हाक मारली.

आता हौस म्हणून काही कोणी असलं करत नाही. खाली वायरिंगच्या कामांचं दुकान आणि वर घर, असा वहिनींचा संसार. यजमान अचानक गेले आणि दुकान वहिनींच्या नावावर आलं. दुकान कोणाच्याही नावावर असायला हरकत नव्हती, पण विजेची कामं घ्यायची तर दुकानात एक तरी प्रमाणपत्रवाला इलेक्ट्रिशियन हवा. तो होता यजमानांचा धाकटा भाऊ, म्हणजे वहिनींचे भावोजी. भावोजी तसे देवमाणूस, पण त्यांच्या गुडघ्यांनी शिडीशी उभं वैर धरलं होतं. लांबच्या गावी त्यांची लेक होती, तिला नुकतंच बाळ झालं होतं आणि ती "बाबा, कधी येताय?" म्हणून सारखी मागे लागली होती. भावोजी तोंडानं काही बोलत नसत. "तुमची सोय लागली की बघू," एवढंच म्हणत आणि नातवाचा फोटो उगाच पुसत बसत.

भावोजी गेले की दुकानाला टाळं, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. बाहेरचा इलेक्ट्रिशियन ठेवून पाहिला, तर आठवडाभरात तो गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसून वहिनींनाच चहा सांगायला लागला. तेव्हा वहिनींनी ठरवलं की प्रमाणपत्र आपणच काढायचं. त्यासाठी रीतसर उमेदवारी करावी लागते. आठवड्यातून एक दिवस वर्गात बसायचं, बाकीचे दिवस एखाद्या मालकाकडे राबायचं, जाणत्या इलेक्ट्रिशियनच्या नजरेखाली हात बसवायचा आणि शेवटी तपासनीस येऊन उलटसुलट विचारील त्याला उत्तर द्यायचं. वर्गाची अडचण नव्हती. तिथली पोरं "काकू" म्हणून बाक रिकामा करून देत. अडचण होती मालकाची. केस पांढरे झालेली शिकाऊ बाई कोण ठेवणार? वहिनी गावातल्या प्रत्येक दुकानदाराकडे जाऊन आल्या. सगळे हात जोडून म्हणाले, "वहिनी, तुम्ही आणि आमच्या हाताखाली? कशाला लाजवता?" शेवटी एकच दुकान उरलं. तिथली मालकीण नाही म्हणाली नाही.

पहिलं संकट उभं राहिलं ते रागावण्याचं. शिकवायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि थोरल्या भावाच्या बायकोवर ओरडायला भावोजींची जीभ उचलेना. वहिनी उघड्या तारेकडे हात नेत आणि हे मागून अदबीनं म्हणत, "वहिनी, राग मानू नका, पण तिथे हात लावलात तर मराल बहुतेक." बहुतेक म्हणे! अशानं कोणी शिकत नाही. मग दोघांनी मिळून तोडगा काढला. पिवळं हेल्मेट डोक्यावर चढलं की वहिनी उमेदवार. तेव्हा भावोजींनी खुशाल 'तू' म्हणायचं, वाटेल तसं झापायचं. हेल्मेट उतरलं की मालकीण, तेव्हा 'तुम्ही'.

तोडगा इतका लागू पडला की दोघांच्याही अंगवळणी पडला. "अक्कल गहाण टाकलीस का? न्यूट्रल कुठला, फेज कुठला, डोळे उघडून बघ!" असं भावोजी कडाडत, आणि वहिनी मान खाली घालून "चुकलं" म्हणत. पाच मिनिटांनी हेल्मेट काढून त्याच वहिनी विचारत, "भावोजी, ती नवीन बाई कशी करतेय काम?" भावोजीही गंभीरपणे सांगत, "हात चांगला आहे, वहिनी. घाई फार करते."

खरी गंमत पुढेच झाली. मालकीण आणि उमेदवार यांचं एकमेकींशी पटेना. उमेदवाराला सेफ्टी बूट मालकानं द्यायचे असा करार होता. मालकीण "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत दिवस ढकलत होती आणि उमेदवार चपला घालून शिडी चढताना तिच्या नावानं बोटं मोडत होती. वर्गाचा दिवस आला की मालकिणीच्या कपाळाला आठी, की भर कामाच्या दिवशी ही बाई पुस्तकं काखेत मारून निघाली. एकदा पाठ धरली म्हणून उमेदवारानं सुटी मागितली. मालकिणीनं काम फार आहे म्हणून नाकारली. त्या दिवशी वहिनी स्वतःशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

यात तेल ओतायला सासूबाई होत्याच. इतकी वर्षं सुनेत खोड काढण्यात त्यांनी हयगय केली नव्हती. पण शिकाऊ बाईबद्दल त्यांना भलताच कळवळा आला. हेल्मेट घालून वहिनी वर आल्या की सासूबाई ताट वाढून ठेवत, पाठीला तेल चोळत. "किती राबवते ती सटवी तुला!" वहिनींना ते इतकं बरं वाटे की त्याही डोळे पुसत म्हणत, "काय सांगू आई, जरा म्हणून माया नाही तिला." मग हेल्मेट काढून खाली जाताना सासूबाईंचं मागून ऐकू येई, "गरिबाच्या लेकीला छळून कोणाचं भलं झालंय का?"

असं करत करत वहिनी शिकल्या मात्र. आधी नुसतं सामान उचललं, मग भिंतींना खाचा पाडल्या, मग पाइपातून वायरी ओढल्या, आणि सरतेशेवटी बोर्डाला हात घातला. भावोजींनी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकून बसवली होती. "लाइन बंद केलीस, कुलूप लावलंस, किल्ली खिशात टाकलीस, तरी तारेला हात लावायच्या आधी टेस्टर लाव. देवानं येऊन सांगितलं की लाइन बंद आहे, तरी देवासमोर टेस्टर लाव." वहिनींना हे सुरुवातीला जरा अतीच वाटलं होतं.

तपासनीस येण्याच्या थोडे दिवस आधी बेकरीतलं काम निघालं. भट्टीच्या वरच्या दिव्यांची वायर उंदरांनी कुरतडली होती. वहिनींनी शिस्तीत बेकरीतल्या बोर्डाचा मुख्य स्विच पाडला, त्याला आपलं कुलूप घातलं, 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवली आणि शिडीवर चढून जोडणी उघडली. भावोजी टेप आणायला गाडीकडे गेले. तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. फोन गिऱ्हाइकाचा, म्हणजे तो मालकिणीचा. वहिनी शिडीवरून उतरल्या, हेल्मेट काढून पिठाच्या पोत्यावर ठेवलं आणि बोलल्या. फोन संपतो न संपतो तोच बेकरीवाला समोर येऊन उभा. पीठ फुगून परातीबाहेर यायला लागलं होतं आणि तोही तसाच फुगला होता.

"मालकीणबाई, अजून किती वेळ? माझा माल वाया चाललाय. तुमची माणसं नुसती टंगळमंगळ करतात!"

मालकिणीच्या ते जिव्हारी लागलं. गिऱ्हाईक तुटायला नको. इथलं काम म्हणजे काय, दोन वायरी जोडायच्या. एव्हाना व्हायला हवं होतं. ही बाई मेली प्रत्येक गोष्टीला वेळ लावते. "आत्ता चालू करून देते," असं म्हणत वहिनी तरातरा बोर्डाकडे गेल्या. उमेदवाराच्या कुलपाची एक जादा किल्ली अडीअडचणीसाठी मालकाकडे असते, ती त्यांनी काढली. कुलूप उघडलं, पाटी उतरवली, स्विच वर केला. भट्टी घुमायला लागली. बेकरीवाल्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग वहिनी परत आल्या, हेल्मेट चढवलं आणि शिडीवर जाऊन अर्धवट राहिलेल्या कामाला लागल्या. कुलूप आपणच लावलंय, किल्ली आपल्याच खिशात आहे, पाटी आपणच अडकवलीय. उमेदवाराचं मन अगदी निर्धास्त होतं.

बोटं तारेपर्यंत गेली होती. केवळ सवयीनं, कानात भावोजींचा कडाडा होता म्हणून, त्यांनी आधी टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

संतापानं वहिनी इतक्या जोरात ओरडल्या की बेकरीवाल्याच्या हातातली परात पडली. "भावोजी! कुठल्या गाढवानं लाइन चालू केली?"

भावोजी गुडघ्यांची पर्वा न करता धावत आले. त्यांनी बोर्ड पाहिला. उघडं कुलूप पाहिलं. त्यात लटकणारी मालकिणीची किल्ली पाहिली.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्हीच."

"मी कशी? मी शिडीवर आहे!"

"तुम्ही नव्हे. तुम्ही."

वहिनींना उलगडायला एक क्षण लागला. त्या खाली उतरल्या आणि पिठाच्या पोत्यावर मटकन बसल्या. हेल्मेट डोक्यावरून घरंगळलं, तरी त्या दिवशी भावोजींनी काही पाळलं नाही. उघड्या डोक्याच्या वहिनींवर ते ओरडले, "मेली असतीस! दादा गेला, आता तूही गेली असतीस! आणि मी कुठल्या तोंडानं आईसमोर उभा राहिलो असतो?" बोलता बोलता त्यांना हुंदका आला. बेकरीवाला बिचारा पाव पुढे करून उभा राहिला.

त्या दिवसापासून भावोजींनी लेकीचा फोन घेणं टाळायला सुरुवात केली. नातवाचा फोटो त्यांनी पाकिटात ठेवून दिला. विचारलं तर म्हणत, "बघू. अजून काय घाई आहे." वहिनींना कळत होतं. हा माणूस आता आपल्याला सोडून कुठेही जाणार नाही, गुडघे मोडले तरी जाणार नाही, आणि त्याचा नातू त्याला न बघताच मोठा होईल. त्यांच्या मनाला ते फार लागलं. आता तपासणीत पास व्हायचंच, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं.

ठरल्या दिवशी सकाळीच तपासनीस बाई आल्या. उंच, सुकलेल्या, हातात फाइल. त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत टेबल मांडून घेतलं आणि कागद चाळले.

"उमेदवार आणि मालक एकच व्यक्ती दिसते."

"हो," वहिनी कसंबसं म्हणाल्या.

"नियमात त्याला मनाई नाही. मात्र दोघांची चौकशी वेगवेगळी, एकमेकांच्या गैरहजेरीत करावी, असं स्पष्ट लिहिलंय. मालकांना बाहेर जायला सांगा."

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं, हेल्मेट घातलं आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "जरा बाहेर थांबता का?" तपासनीस बाई दाराकडे बघत राहिल्या. मालकीण बाहेर जाण्याइतका वेळ गेल्यावर त्यांनी मान हलवली आणि सुरुवात केली.

अर्थिंग कशाला, कुठली वायर कुठे, आग लागली तर पाणी का नाही, वहिनींनी धडाधड उत्तरं दिली. त्यांनी समोरच्या लाकडी फळीवर जोडणी करून दाखवली. तपासनीस बाईंनी प्रत्येक स्क्रू पिळून पाहिला आणि त्यांना काही सापडलं नाही.

"शेवटचा प्रश्न. कामावर जिवावर बेतलं असा प्रसंग सांगा. तुम्ही काय केलंत?"

झालं! इतके दिवस दाबून ठेवलेलं उमेदवाराच्या तोंडून धबधब्यासारखं बाहेर पडलं. कुलूप, पाटी, टेस्टर, सगळं. "आणि मालकीणबाईंनी मला न विचारता, मी वर असताना, लाइन चालू केली! गिऱ्हाइकापुढे शान मारायला! बूटही अजून दिले नाहीत मला!" बोलून झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं.

"ठीक आहे," तपासनीस बाई लिहीत म्हणाल्या. "मालकांना पाठवा."

वहिनी बाहेर आल्या. पायरीवर भावोजी बसले होते, जिन्यात सासूबाई कान लावून. वहिनींनी हेल्मेट काढलं आणि आत गेल्या. आत जाईपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं की ही बाई काय बोलून बसली आहे.

"उमेदवार काम करत असताना तुम्ही लाइन चालू केलीत, असं तिचं म्हणणं आहे. खरं असेल तर कामाच्या जागी हुकूम देण्याची तुमची परवानगी काढून घ्यावी लागेल. काय म्हणता?"

परवानगी गेली की दुकान गेलं. यजमानांनी खपून उभं केलेलं दुकान. वरचं घर त्याच्यावर, सासूबाईंचं औषधपाणी त्याच्यावर.

"असं काही झालंच नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे ती खोटं बोलते?"

"ती... तिला माझ्याबद्दल आकस आहे. आणि तसं पाहिलं तर ज्या हातानं कुलूप लावलं त्याच हातानं काढलं. यात नियम कुठे मोडला?"

तपासनीस बाईंनी यावर बराच विचार केला. नियमांचं पुस्तक काढलं, मागेपुढे चाळलं, मिटलं. "दोघींपैकी एकजण खोटं बोलते आहे. मला समोरासमोर घ्यावं लागेल. दुसरी खुर्ची आणा."

सासूबाईच खुर्ची घेऊन आल्या. ती मालकिणीसमोर ठेवताना त्यांनी मालकिणीकडे असं काही पाहिलं की वहिनींनी नजर चुकवली. रिकाम्या खुर्चीवर तपासनीस बाईंनी स्वतः ते पिवळं हेल्मेट ठेवलं.

"मी आता लिहिते आहे," त्या म्हणाल्या. "मालकांनी आरोप नाकारला आहे. उमेदवार तपासणीत खोटं बोलली, म्हणून ती नापास. तिला परत कधी तपासणीला बसता येणार नाही. तिच्याबद्दल मालकांना काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा."

वहिनी खुर्चीकडे बघत बसल्या. काय सांगायचं होतं? चपला घालून शिडी चढणारी बाई. पोरांच्या बाकावर बसून आकृत्या काढणारी, दिवसभर शिव्या खाऊन रात्री भाकरी थापणारी. तिच्याबद्दल आजवर आपण एक बरा शब्द काढला नाही. पाठ धरली तर सुटी दिली नाही. वर चढून तिनं सगळं बरोबर केलं, आपण तिचा जीव घ्यायला निघालो होतो, आणि आता वर तिला खोटारडी ठरवतोय. वहिनींना स्वतःची इतकी शरम वाटली की कानशिलं तापली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ती खोटं बोलत नाही. लाइन मी चालू केली. गिऱ्हाईक तुटेल म्हणून केली. आणि तिनं टेस्टर लावला नसता तर..." त्यांनी खुर्चीवरचं हेल्मेट नीट सरळ केलं. "कामाला चोख आहे हो ती. माझ्यापेक्षा शंभर पटीनं बरी आहे. तिला नापास करू नका. माझं काय करायचं ते करा."

जिन्यात सासूबाई नाक ओढताना ऐकू आल्या.

तपासनीस बाईंनी लिहिलेलं खोडलं आणि नव्यानं लिहायला घेतलं. लिहिताना वाचतही गेल्या. उमेदवार उत्तीर्ण. मालकांची हुकूम देण्याची परवानगी रद्द. यापुढे या दुकानाच्या कामांवर मालकांचा शब्द चालणार नाही. प्रमाणपत्रधारक इलेक्ट्रिशियन सांगेल तेच. "असं कोणी आहे का दुकानात? नसेल तर दुकान बंद करावं लागेल."

"माझे दीर आहेत. पण त्यांना जायचंय लेकीकडे."

"मग दुसरं कोणी?"

वहिनींनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

तपासनीस बाईंनी घड्याळ पाहिलं. "आत्ताच झाली आहे पात्र. चालेल." त्यांनी सही केली आणि उठल्या. जाताना वहिनींच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तिला बूट घेऊन द्या." मग खुर्चीला नमस्कार करून त्या निघून गेल्या.

वहिनी बाहेर आल्या. भावोजी पायरीवरून उठू पाहत होते, पण गुडघे ऐकत नव्हते. त्यांना उठवायला वहिनींनी हात दिला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "कोण पास झालं?"

"ती झाली," वहिनी म्हणाल्या. "मी नाही झाले. मालकीण नापास. आता ती सांगेल तसं मला वागायचंय."

भावोजींनी खिशातून पाकीट काढलं, ते उगाच उघडलं आणि मिटलं.

"मग मी जातो, वहिनी. निर्धास्त जातो. उलटं झालं असतं ना, तर गेलो नसतो."

वहिनींना त्यावर काहीतरी बोलायचं होतं, निदान 'जपून जा' तरी म्हणायचं होतं. पण दोघींनाही एकदमच रडू फुटलं.